लिंबोणीची साक्ष

आमच्या बेळगावच्या घरी जुन्या कागदांच्या पेटीत एक गहाणखत आहे. १९३४ साली माझ्या पणजोबांनी आपली भातजमीन गहाण टाकून काही रक्कम उचलली. रक्कम कशासाठी हवी, या रकान्यात दस्तलेखकाने वडील चिरंजिवाच्या औषधोपचाराचा व हवापालटाचा उल्लेख केला आहे. हे वडील चिरंजीव म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले बंधू. घरात त्यांना सारे आप्पा म्हणत. आप्पांना क्षय झाला होता. डॉक्टरांनी घाटमाथ्यावरची कोरडी हवा सांगितली. तेथे दोन हिवाळे काढून ते वारले, आणि जमीन काही सुटली नाही. वकिलीच्या व्यवसायात पुष्कळ गहाणखते हातांखालून गेली. परंतु ‘हवा’ या वस्तूपायी जमीन तारण पडल्याचा लेखी पुरावा मला हा एकच ठाऊक आहे.

हवेने क्षय बरा होतो हा समज तसा फार जुना. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने क्षयी माणसाला समुद्रमार्गे इजिप्तला जाण्याचा सल्ला दिलेला आहे. मात्र या समजाला उष्णतामापकाच्या आकड्यांचे पाठबळ मिळाले, त्याचे शास्त्र झाले व त्यावर गावेच्या गावे उभी राहिली, ती एकोणिसाव्या शतकात. त्यांतील एका गावाचा इतिहास मला विशेष उद्‌बोधक वाटतो. ते गाव म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचे मांतों. इंग्रज त्याला मेंटोन म्हणत.

मांतों हे फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या सरहद्दीला अगदी खेटून वसले आहे. त्याचा अक्षांश सुमारे पावणेचव्वेचाळीस अंश उत्तर. रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील व्लादिवोस्तोक हे बंदरही जवळजवळ याच अक्षांशावर आहे. तेथे जानेवारीचे सरासरी उष्णतामान शून्याखाली बारा अंशांच्या आसपास असते आणि समुद्राचे पाणी गोठते. मांतोंला मात्र त्याच महिन्यात सरासरी दहा अंश भरते. शेजारच्या नीस शहरी जानेवारीत दिवसाचे कमाल उष्णतामान सुमारे तेरा अंश व रात्रीचे किमान सुमारे पाच अंश सेल्सिअस असते. मांतोंची हवा त्याहून किंचित सौम्य. जुलै-ऑगस्टमध्ये नीसचा पारा दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत चढतो. वर्षाकाठी तेथे सुमारे २७०० तास ऊन पडते; लंडनला १५०० तासांच्या आसपास. मांतोंच्या सौम्य हवेचे कारण नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. गावाच्या पाठीशी, समुद्रापासून अवघ्या काही किलोमीटरांवर, हजार मीटरांहून उंच डोंगरांची भिंत उभी आहे. उत्तरेचा गार वारा तिच्यापाशी अडतो. पुढ्यातला समुद्र उन्हाळ्यात साठविलेली ऊब हिवाळाभर सावकाश परत करतो.

आपल्या वाचकांना या हवेतील एक गोष्ट उलटी वाटेल. पणजीस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. नीसला वर्षाचा पाऊस साडेसातशेच्या घरात, आणि आपल्याकडे आषाढधारा लागतात त्या जुलै महिन्यात तेथे वीस मिलिमीटरही पडत नाही. उन्हाळ्यात सहारावरचा जादा दाबाचा पट्टा उत्तरेस सरकतो आणि ढगांना आडवा येतो. हिवाळ्यात तो दक्षिणेस गेला की अटलांटिकवरचे वारे पाऊस घेऊन आत शिरतात. त्या समुद्रावरून पुढे निघालेल्या हिवाळी वादळांच्या लाटा इराण-अफगाणिस्तान ओलांडून थेट हिंदुस्थानात येतात. ग्वाल्हेर-इंदूरच्या आपल्या बांधवांच्या गव्हा-हरभऱ्यावर पौष-माघात जो मावठा पडतो, त्याचे मूळ पुष्कळदा या भूमध्य समुद्राच्या परिसरात असते.

मांतोंच्या हवेचे मोल सर्वप्रथम वटविले ते लिंबाने. हे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबू नव्हे. ते मोठे, लांबट आणि पिवळेधमक असते. लिंबोणी हे अत्यंत नाजूक झाड आहे. संत्र्यापेक्षाही तिला थंडी कमी सोसते. पारा शून्याखाली तीन-चार अंशांवर गेला की तिची फळे व कोवळ्या फांद्या जळतात. त्यामुळे युरोपात इतक्या उत्तरेस लिंबोणी बारमाही फळते, एवढी एकच गोष्ट त्या गावाच्या हिवाळ्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते. त्या काळी मांतों मोनॅकोच्या संस्थानात मोडत असे. सतराव्या शतकात तेथील राजाने लिंबांच्या व्यापारावर देखरेख ठेवण्यासाठी खास अधिकारीमंडळ नेमले होते. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागांतून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन लिंबे बंदरावर आणीत. तेथून ती गलबतांनी दूरदेशी जात.

जेथे उत्पन्न तेथे कर हे ओघानेच आले. लिंबे व ऑलिव्हचे तेल हेच संस्थानाचे खरे उत्पन्न. त्यांवर राजाने जकात बसविली, आणि पावासारख्या रोजच्या अन्नाचाही मक्ता आपल्या हाती ठेवला. रयतेचा संताप साचत गेला. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे सुटले, तेव्हा मांतों आणि शेजारचे रोकब्रून यांनी राजाची सत्ता झुगारून स्वतःला मुक्त नगरे म्हणून घोषित केले व सार्डिनियाच्या राज्याचा आश्रय घेतला. १८६० च्या एप्रिलमध्ये लोकमत घेण्यात आले आणि मोठ्या बहुमताने कौल फ्रान्सच्या बाजूने पडला. २ फेब्रुवारी १८६१ च्या तहाने मोनॅकोच्या राजाने चाळीस लक्ष फ्रँक घेऊन या दोन गावांवरील हक्क सोडला. आपण सीमाभागातले लोक. लोकमत आणि सरहद्द हे शब्द आपल्या कानांना निराळेच लागतात. मोनॅकोच्या राजाचे बहुतेक राज्य गेले व लिंबांचे उत्पन्न बुडाले. ती तूट भरून काढण्यासाठी त्याने जुगारगृहाला मक्ता दिला, आणि त्यातूनच पुढे मोंते कार्लो उदयास आले.

ही स्थित्यंतरे घडत असतानाच, १८५९ च्या अखेरीस, जेम्स हेन्री बेनेट नावाचा त्रेचाळीस वर्षांचा एक इंग्रज डॉक्टर मांतोंला येऊन उतरला. लंडनमध्ये त्याचा स्त्रीरोगांचा मोठा व्यवसाय होता. परंतु त्याला स्वतःला क्षयाने गाठले होते. एखाद्या शांत कोपऱ्यात शेवटचे दिवस काढावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. पण घडले उलटेच. तो हळूहळू बरा झाला. दर हिवाळ्यात तो मांतोंला येऊन रोगी तपासू लागला. १८६१ साली त्याने या किनाऱ्याच्या हिवाळी हवेवर पुस्तक लिहिले. ते पुन्हापुन्हा वाढवून निघत राहिले. त्याच्या युक्तिवादात वनस्पतींच्या पुराव्याला मोठे स्थान होते. उष्णतामापक भिंतीशी टांगला की झाडाखाली, उन्हात की सावलीत, यावर त्याचा आकडा बदलतो. झाड मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहून थंडी सोसते. उघड्यावर फळणारी लिंबोणी हीच मांतोंच्या हिवाळ्याची निःपक्षपाती साक्षीदार, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

या साक्षीवर गावाचा कायापालट झाला. १८६९ साली आगगाडी आली. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत इंग्रज, रशियन, जर्मन कुटुंबांची रीघ लागे; उन्हाळ्यात हॉटेलांना कुलपे पडत. १८७३ च्या हिवाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा तेवीस वर्षांचा तरुण डॉक्टरच्या हुकमावरून येथे आला. तो आमच्याच व्यवसायाचा उमेदवार. वकिलीच्या परीक्षेच्या तयारीत असतानाच त्याची प्रकृती ढासळली होती. पुढे त्याने या मुक्कामावर एक निबंध लिहिला. सुंदर प्रदेशात धाडलेल्या रोग्याला ते सौंदर्य डोळ्यांनी दिसते, पण मनाला भिडत नाही, ही व्यथा त्यात त्याने मांडली आहे. स्टीव्हन्सन त्या खेपेस बरा होऊन परतला. सगळेच परतले नाहीत. इंग्लंडच्या लोकांचा इतिहास लिहिणारा जॉन रिचर्ड ग्रीन १८८३ साली पंचेचाळिसाव्या वर्षी येथेच वारला. चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली १८९८ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. जुन्या किल्ल्याच्या जागी टेकडीवर जी दफनभूमी आहे, तिथल्या थडग्यांवर निरनिराळ्या देशांची नावे आणि मृतांची कोवळी वये वाचावयास मिळतात. समोर निळा समुद्र असतो. गावातली सर्वांत सुंदर जागा तीच, असे म्हणतात.

आता त्या साक्षीची उलटतपासणी करू. हवा ‘उबदार’ आहे हे म्हणणे लंडनच्या मानाने खरे. पाच अंशांची रात्र आपल्या बेळगावच्या पौषातील पहाटेहून कितीतरी गार असते. शिवाय सरासरी हा आकडा कोणाच्याच अंगाला लागत नाही. भर दुपारी उन्हात बसलेला रोगी कोट काढून ठेवी, आणि सूर्य डोंगराआड जाताच तोच रोगी कुडकुडू लागे. म्हणून सूर्यास्तापूर्वी घरी परतावे, असा तिकडच्या डॉक्टरांचा सक्त दंडक असे. पण याहूनही मोठी विसंगती दुसरीकडे होती. मांतोंचे डॉक्टर सौम्य, उबदार किनाऱ्याची महती गात होते, त्याच वेळी स्वित्झर्लंडमधील दावोस येथे, १५०० मीटरांहून अधिक उंचीवर, बर्फाने वेढलेल्या गच्च्यांवर क्षयी रोगी निजविले जात होते. तेथे १८६५ साली पहिले हिवाळी रोगी आले. तेही आपापल्या परीने बरे होत किंवा मरत. रोग एकच आणि त्यावर दोन अगदी विरुद्ध हवांचे उपाय, दोहोंच्या बाजूने डॉक्टर, आकडे व बरे झालेले रोगी साक्षीला हजर! अशा खटल्यात न्यायाधीशाच्या मनात शंका यावयास हवी होती.

१८७२ साली, म्हणजे मांतोंच्या भरभराटीच्याच दिवसांत, आपल्याकडे पुराव्याचा कायदा झाला. त्याची जागा आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी त्याचे मूलतत्त्व तेच आहे: पुरावा नुसता खरा असून भागत नाही, तो वादविषयाशी संबद्ध असावा लागतो. लिंबोणीची साक्ष खरी होती. या गावात कडाक्याचा गारठा क्वचितच पडतो, एवढे ती सांगत होती, आणि त्यात खोटे काही नव्हते. माणसाच्या फुप्फुसांविषयी मात्र ती काहीच सांगत नव्हती. बेनेटचे बरे होणे हीसुद्धा घडलेली गोष्ट. पण औषध नव्हते त्या काळातही काही क्षयी माणसे आपोआप बरी होत, आणि जी बरी होत तीच पुस्तके लिहीत.

निकालाची पहिली ओळ १८८२ च्या मार्चमध्ये लिहिली गेली. त्या महिन्यात व्हिक्टोरिया राणी मांतोंला मुक्कामाला होती. गावाच्या कीर्तीचा तो कळस. त्याच महिन्याच्या २४ तारखेस बर्लिन येथे रॉबर्ट कोख याने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोग हवेच्या दोषाने वा कुळाच्या दुबळेपणाने होत नसून जंतूने होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो, हे सिद्ध झाले. रोग्यांचे हाल त्याने लगेच थांबले नाहीत. एका बाजूने ते वाढलेच. ज्या किनाऱ्याने त्यांना जाहिराती देऊन बोलाविले होते, त्याला आता त्यांची भीती वाटू लागली. १९१९ साली लेखिका कॅथरीन मॅन्सफिल्ड हिला मांतोंपासून थोड्याच अंतरावरील सान रेमोच्या एका हॉटेलातून क्षयामुळे निघून जाण्यास सांगण्यात आले, आणि खोली निर्जंतुक करण्याचा खर्चही तिच्याकडून वसूल करण्यात आला. पुढच्या वर्षी ती मांतोंच्या एका बंगल्यात राहिली, तेथे तिने उत्तम कथा लिहिल्या; पण १९२३ साली, चौतिसाव्या वर्षी, तिला मृत्यूने गाठलेच.

अंतिम निकाल लागला तो आपल्या देशात. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ पासून आयसोनियाझिड हे स्वस्त औषध वापरात आले. तरीही रोग्याला आरोग्यधामातील विश्रांती, सकस आहार व शुद्ध हवा अवश्य हवी, हा समज कायम होता. १९५६ साली मद्रासमध्ये या समजाची रीतसर परीक्षा सुरू झाली. सुमारे दोनशे गरीब क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले. अर्ध्यांना आरोग्यधामात ठेवले. अर्धे आपापल्या दाटीवाटीच्या, कोंदट घरांत राहिले, तुटपुंजे अन्न खात राहिले. औषधे दोघांनाही सारखीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बरे होण्याच्या प्रमाणात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घरी राहिलेल्यांच्या नातलगांना रोगाचा अधिक संसर्ग झाला असेही दिसले नाही. मद्रासच्या उकाड्यात, एका खोलीत, क्षय बरा होत होता. हा निष्कर्ष वाचताना मला आमच्या पेटीतले ते गहाणखत आठवले. ज्या वस्तूसाठी पणजोबांनी जमीन तारण दिली, तिची त्या रोगाच्या दरबारात काही किंमतच नव्हती. अर्थात १९३४ साली त्यांना हे कोण सांगणार? त्या वेळी विद्वानांचेही मत तेच होते. बापाने मुलासाठी जे करणे शक्य होते ते केले.

रोगी गेले तरी मांतों ओस पडले नाही. हिवाळ्याच्या गावांचे उन्हाळ्याच्या गावांत रूपांतर झाले. १९२३ साली जवळच्या आँतीबमधील एका बड्या हॉटेलने अमेरिकन पाहुण्यांसाठी प्रथमच उन्हाळ्यात दारे उघडी ठेवली. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा झाला आणि सामान्य माणूसही समुद्रावर येऊ लागला. ज्या उन्हाला भिऊन पूर्वीचे पाहुणे एप्रिलमध्ये पळ काढीत, त्याच उन्हात अंग भाजून घेण्यासाठी नवे पाहुणे जुलैत येऊ लागले. पाऊणशे वर्षांत उष्णतामापकाचे आकडे फारसे हललेले नव्हते. बदलली होती ती माणसांची गरज.

लिंबोणीचे पुढे काय झाले? बागांच्या जागी हॉटेले व बंगले उठले, सिसिली-स्पेनच्या लिंबांनी बाजार काबीज केला, आणि १९५६ च्या फेब्रुवारीत आलेल्या असामान्य थंडीच्या लाटेने उरल्यासुरल्या झाडांना मोठा तडाखा दिला. मांतोंला दर फेब्रुवारीत लिंबांचा मोठा उत्सव भरतो, पण त्यातील सजावटीची बहुतेक फळे बाहेरून आणावी लागतात. तथापि काही शेतकऱ्यांनी ही जात चिकाटीने जपली, आणि २०१५ साली ‘मांतोंचे लिंबू’ या नावाला युरोपीय कायद्याचे भौगोलिक संरक्षण मिळाले. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन याच जातीचे आहे. हवा, माती आणि माणसाचे कसब यांच्या संयोगाला कायद्याने दिलेली ती मान्यता होय.

अलीकडे मात्र हवेने पुन्हा साक्ष द्यावयास आरंभ केला आहे, आणि या खेपेस आकडे स्वतःच हलू लागले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत भूमध्य प्रदेशाचे उष्णतामान सुमारे दीड अंशाने वाढले आहे. २००३ च्या ऑगस्टमधील उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० माणसे अधिक दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीत ४८.८ अंशांची नोंद झाली. युरोप खंडातील अधिकृतपणे मान्य झालेली ही सर्वोच्च नोंद ठरली. २ ऑक्टोबर २०२० रोजी मांतोंच्या पाठीमागील डोंगरखोऱ्यांत एका दिवसात काही ठिकाणी ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. आपल्या घाटात जोरकस पावसाळी दिवशी एवढा पाऊस पडू शकतो; तेथे तो वर्षाच्या पावसाच्या निम्म्याहून अधिक! रस्ते, पूल, घरे वाहून गेली, माणसे दगावली.

पूर्वी लोकांनी हवेच्या खऱ्या साक्षीवर नको तितका विश्वास टाकला, कारण तिला विचारलेला प्रश्नच गैरलागू होता. आज प्रश्न लागू आहे: या उष्णतेत म्हातारी माणसे, नदीकाठची घरे आणि फळबागा तगतील काय? साक्षीदारही तोच जुना उष्णतामापक आहे. मात्र त्याचे म्हणणे आपल्याला गैरसोयीचे असल्यामुळे आपण त्याच्याकडे काणाडोळा करतो. मागल्या चुकीची किंमत ज्यांच्यापाशी विकायला जमीन होती त्यांनी जमीन देऊन चुकविली. या चुकीची किंमत ज्यांच्यापाशी काहीच नाही त्यांच्याकडून आधी वसूल होईल, आणि तिचा दस्तही कोठे नोंदला जाणार नाही.

ते गहाणखत मी पुन्हा पेटीत ठेवून दिले आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याची मुदत केव्हाच संपली.